चाहत्यांनी रचलेली मालिकांची गाणी

आवडत्या मालिकेतले प्रसंग वेचायचे, ते एखाद्या गाण्यावर बसवायचे आणि तयार झालेली चित्रफीत इतर चाहत्यांना दाखवायची, ही प्रथा सुमारे 50 वर्षांची आहे. अशी चित्रफीत निर्माता किंवा वाहिनी बनवत नाही. ती बनवणारा प्रेक्षकच असतो आणि तिच्यातून त्याला पैसे मिळत नाहीत. शेकडो भागांच्या कथेतून तीन-चार मिनिटांचे प्रसंग निवडताना त्याला ठरवावे लागते की या कथेत आपल्यासाठी खरे महत्त्वाचे काय. नायिकेने घर सोडले तो क्षण, की ती परत आली तो? दोघांचे भांडण, की भांडणानंतरचा अबोला? या निवडीतून त्याचे मालिकेबद्दलचे मत व्यक्त होते. चित्रफीत पाहणाराही त्याच मालिकेचा चाहता असल्याने दोन सेकंदांच्या दृश्यावरून त्याला मागचा-पुढचा प्रसंग आठवतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांची ओळख आणि पुढे मैत्री या सामायिक आठवणीतून होते.

प्रथेची सुरुवात अमेरिकेत झाली. भारतात ती उपग्रह वाहिन्या, संगणक आणि मोबाइल यांच्या मार्गाने आली, पण इथे पोहोचण्याआधी तिच्यासाठी जमीन तयार होती. जबलपूरसारख्या शहराच्या अनुभवातून ती जमीन नीट दिसते.

पत्रांचा काळ

जबलपूर आणि मराठी भाषा यांचा संबंध जुना आहे. जबलपूर ज्यात होते तो गढा-मंडल्याचा मुलूख 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1817 मध्ये जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातली शहरे होती. या प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषकांना सामावून चाले. 1956 नंतर उच्च न्यायालय नागपुरातून जबलपूरला आले. न्यायालय, रेल्वे, तोफगाडी कारखाना, शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलत राहिली. त्यांची करमणूकही दोन भाषांत वाटलेली होती.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या पर्वात मात्र या कुटुंबांना एकच भाषा मिळाली. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण त्याचे मराठी कार्यक्रम जमिनीवरील प्रक्षेपणाने जबलपूरपर्यंत येत नसत. 1982 मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह कामाला लागला आणि पुढच्या काळात देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. मराठी, बंगाली, तमिळ घरांनीही मग दिल्लीच्या हिंदी मालिका पाहिल्या.

7 जुलै 1984 रोजी ‘हम लोग’ ही भारतातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे होते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. दीडेक वर्ष चाललेल्या या मालिकेला सुमारे 4 लाख पत्रे आल्याचे संवादशास्त्राचे अभ्यासक अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी नोंदवले आहे. मालिकेतल्या बडकीने लग्नाचा निर्णय घ्यावा असा सल्ला देणारी पत्रे तरुण मुलींनी लिहिली. पात्र खरे मानून त्याच्याशी बोलण्याची, त्याच्या आयुष्यात आपले मत नोंदवण्याची ही इच्छा होती. 1990 मध्ये सुरू झालेल्या ‘सुरभि’ने तर प्रश्नमंजूषेच्या उत्तरांसाठी पोस्टकार्डांचे ढीग जमवले. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे पत्रांच्या त्या राशीत बसून विजेत्यांची नावे काढत, ते दृश्य त्या पिढीच्या लक्षात आहे.

याच काळात जबलपूरचा एक अभिनेता घराघरांत पोहोचला. रघुवीर यादव यांचा जन्म जबलपूरचा. तरुणपणीच घर सोडून ते पारसी रंगभूमीच्या फिरत्या नाटक कंपनीत गेले आणि नंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. प्रकाश झा यांनी दिग्दर्शित केलेली आणि यादव मुख्य भूमिकेत असलेली ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ ही मालिका 1989 मध्ये दूरदर्शनवर आली. सामान्य कारकून दिवास्वप्नात नायक होतो, हे तिचे सूत्र. मुंगेरीलाल हे नाव हिंदी बोलीत दिवास्वप्ने पाहणाऱ्या माणसासाठी रूढ झाले. पण प्रेक्षकाच्या हाती तेव्हा पत्राशिवाय साधन नव्हते. प्रसंग एकदा प्रक्षेपित झाला की तो आठवणीतच ठेवावा लागे.

दोन यंत्रे आणि एक गाणे

अमेरिकेतल्या चाहत्यांना प्रसंग जपून पुन्हा दाखवण्याचे साधन आधी मिळाले. ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा-मालिका 1966 ते 1969 या काळात एनबीसी वाहिनीवर दाखवली गेली आणि बंद पडली. चाहत्यांनी तिला संमेलने, हस्तनिर्मित मासिके आणि स्वतः रचलेली गाणी यांच्या आधारे जिवंत ठेवले. कँडी फाँग या चाहतीने 1975 मध्ये मालिकेच्या चित्रपट्टीचे उरलेले तुकडे पारदर्शिकांच्या रूपात पडद्यावर दाखवले आणि सोबत ध्वनिफितीवर चाहत्यांचे एक गाणे लावले. गाण्याच्या तालावर पारदर्शिका बदलत होत्या. दृश्य हलणारे नव्हते, तरी प्रथेची सारी लक्षणे तिथे होती. दृश्ये मूळ मालिकेची, गाणे बाहेरचे, जुळणी चाहत्याची आणि समोर जाणता प्रेक्षक. या क्षेत्राचे अभ्यासक त्या प्रयोगापासून इतिहास मोजतात.

पुढचा टप्पा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरचा. 1980 च्या सुमारास केंड्रा हंटर आणि डायना बार्बर यांनी ‘स्टार्स्की अँड हच’ या पोलीस मालिकेची दृश्ये दोन रेकॉर्डर जोडून गाण्यांवर बसवली. 1982 मध्ये जिम कापोश्टास या तरुणाने जपानी ॲनिमेशनच्या दृश्यांवर हाच प्रयोग केला आणि ॲनिमेशन-चाहत्यांची स्वतंत्र परंपरा सुरू झाली. मालिकांच्या चित्रफिती बनवणाऱ्यांत मात्र बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या घरच्या बैठकीच्या खोलीत संकलन शिकल्या.

काम कष्टाचे होते. एका यंत्रात मूळ टेप आणि दुसऱ्यात कोरी टेप असे. हवा तो प्रसंग शोधायचा, तो सुरू होताना दुसऱ्या यंत्रावर मुद्रण चालू करायचे आणि संपताच थांबवायचे. थांबवल्यावर यंत्र टेप थोडी मागे ओढून घेई. प्रत्येक यंत्राची ही ओढ वेगळी असल्याने ती मोजून पुढची जोडणी करावी लागे. अनेक यंत्रांत गाणे चित्रे बसवून झाल्यावरच भरता येई. त्यामुळे गाण्याच्या प्रत्येक ओळीची लांबी आधी घड्याळावर मोजून कागदावर लिहिलेली असे. मध्येच एक दृश्य चुकले तर पुढचे सगळे पुन्हा करावे लागे. जोडावर रंगांचे पट्टे उमटत आणि प्रतीवरून प्रत काढताना चित्र धूसर होत जाई. तीन मिनिटांच्या चित्रफितीला अनेक रात्री लागत. महागडी यंत्रे आणि टेपांचा संग्रह एकटीकडे नसे, म्हणून मैत्रिणी आपापली यंत्रे घेऊन एका घरी जमत. कामाच्या या गरजेतूनच गट तयार झाले. ‘कॅलिफोर्निया क्रू’ हा त्यांतला एक नावाजलेला गट.

तयार चित्रफिती संमेलनांत दाखवल्या जात. मिशिगनमधले ‘मीडियावेस्ट’, कॅलिफोर्नियातले ‘एस्केपेड’ आणि 2002 पासून 2018 पर्यंत शिकागोत भरणारे ‘विव्हिडकॉन’ ही त्यांतली महत्त्वाची. अनुभवातून दोन प्रकार वेगळे झाले. मोठ्या सभागृहात चालणारी चित्रफीत पहिल्याच दर्शनात कळली पाहिजे, म्हणून तिच्यात विनोद किंवा ठळक भावना असे. घरी चार मैत्रिणींत पाहायची चित्रफीत सूक्ष्म असली तरी चाले, कारण ती पुन्हा पुन्हा पाहून तिच्यावर चर्चा व्हायची. हेन्री जेंकिन्स यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात या प्रथेला अभ्यासविषयाचा दर्जा दिला, तर फ्रान्सेस्का कोपा यांनी 2022 मध्ये तिचा सविस्तर इतिहास लिहिला.

भारतातही ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, पण वेगळ्या रीतीने. बहुतेक वस्त्यांत यंत्र आणि टेप भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहिले जात. एका घरी दोन यंत्रे आणि मालिकेचे सारे भाग टेपवर ही चैन फार थोड्यांना शक्य होती. गाण्यांची हौस इथे ‘छायागीत’, ‘चित्रहार’ आणि अंताक्षरी भागवत होती.

शीर्षकगीत आणि रोजची मालिका

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि मालिका आठवड्याच्या ऐवजी रोजची झाली. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली. 2005 मध्ये तिचे नाव झी मराठी झाले. 2000 मध्ये ई टीव्ही मराठी आली. उपग्रहामुळे राज्याच्या सीमेचा अडसर उरला नाही. केबलचालकाने वाहिनी दिली की जबलपूर, इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील मराठी घरात पुण्या-मुंबईच्या घरांबरोबरच त्याच संध्याकाळी तीच मालिका दिसू लागली. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांच्या कानी रोजचे, घरगुती मराठी पडण्याचा तो एक मोठा मार्ग ठरला.

या काळातल्या मराठी मालिकांची शीर्षकगीते स्वतंत्रपणे लोकप्रिय झाली. ‘आभाळमाया’चे गीत मंगेश कुळकर्णी यांनी लिहिले, अशोक पत्की यांनी संगीतबद्ध केले आणि देवकी पंडित यांनी गायले. ‘वादळवाट’साठीही कुळकर्णी-पत्की ही जोडी एकत्र आली. या गाण्यांत मालिकेचा आशय दीड-दोन मिनिटांत सांगितलेला असे आणि पडद्यावर पात्रांची निवडक दृश्ये असत. रोज संध्याकाळी प्रेक्षक त्यातून एक गोष्ट नकळत शिकत होता. काही मोजकी दृश्ये आणि एक चाल एवढ्यावर पूर्ण कथेची भावना उभी करता येते. चाहत्यांच्या चित्रफितीचे व्याकरण हेच आहे. हिंदी मालिकांनी त्यात भर घातली. नायक-नायिकेची नजरानजर झाली की चित्रपटगीताचे सूर वाजवण्याची त्यांची पद्धत होती, त्यामुळे एखादे गाणे एखाद्या जोडीचे म्हणून चाहत्यांच्या मनात बसे.

साधने एकाच दशकात आली. नव्या संगणकांत 2000-2001 पासून मूव्ही मेकर हे साधे संकलन-साधन आयते मिळू लागले. 2005 मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि 2008 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. टेपवर रात्रीच्या रात्री खर्च करणाऱ्या अमेरिकी स्त्रियांचे काम आता महाविद्यालयीन विद्यार्थिनी घरच्या संगणकावर करू लागल्या.

भारतीय चाहत्यांत या चित्रफितींना ‘व्हीएम’ म्हणण्याची पद्धत पडली. त्यांची पहिली मोठी लाट ‘दिल मिल गए’ या स्टार वनवरील मालिकेभोवती दिसते. 2007 ते 2010 या काळात चाललेल्या या मालिकेत शिकाऊ डॉक्टरांच्या मैत्रीची आणि प्रेमाची कथा होती. नायिका रिद्धिमाची भूमिका आधी शिल्पा आनंद, मग सुकीर्ती कांडपाल आणि पुढे जेनिफर विंगेट यांनी केली. एकाच पात्राचे तीन चेहरे झाल्याने चाहत्यांचे गट पडले आणि प्रत्येक गट आपली रिद्धिमा खरी हे चित्रफितींतून मांडू लागला. 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘इस प्यार को क्या नाम दूँ?’ या मालिकेने ही लाट देशाबाहेर नेली. बरुण सोबती आणि सनाया इराणी यांच्या अर्णव-खुशी जोडीला चाहत्यांनी ‘अर्शी’ असे जोडनाव दिले. 2012 मध्ये मालिका संपली, तरी चित्रफिती बनत राहिल्या. पुढे तुर्कस्तानात मालिका अनुवादित होऊन गाजली आणि तिथल्या चाहत्यांची त्यांत भर पडली. मराठीत ‘होणार सून मी ह्या घरची’, ‘जुळून येती रेशीमगाठी’ आणि ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या 2013 ते 2016 दरम्यानच्या मालिकांच्या चाहत्यांनीही ही वाट धरली.

या मंडळींत कामाची वाटणी आपोआप होत गेली. कोणी जुने भाग स्वच्छ चित्रात साठवून ठेवी, कोणी प्रसंग कोणत्या भागात आहे हे सांगे, कोणी गाणे सुचवी आणि कोणी जोडणी करी. चित्रफीत एखाद्या मैत्रिणीला वाढदिवसाची भेट म्हणून अर्पण होई. मालिका बंद पडणार अशी बातमी आली की निरोपाच्या चित्रफिती येत, कलाकाराच्या पुनरागमनाला स्वागताच्या. ज्या गावात त्या मालिकेवर बोलायला आपल्या वयाचे कोणी नाही, तिथल्या मुलीला यातून दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या देशातली सोबत मिळाली. या प्रथेचे सामाजिक मोल इथे आहे. तिने प्रेक्षकाला कर्ता केले आणि त्याच्या मताला ऐकणारे मिळवून दिले.

जबलपूरचा या प्रवाहाला एक वेगळा हातभार लागला आहे. सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरील हिंदी कविता उत्तर भारतात शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. लग्नानंतर त्यांचे आयुष्य जबलपुरात गेले. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात त्या सहभागी होत्या आणि 1948 मध्ये नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. झी टीव्हीवर 2009 ते 2011 या काळात ‘झाँसी की रानी’ ही मालिका चालली; लहानपणीची मनू उल्का गुप्ता हिने आणि मोठी राणी कृतिका सेंगर हिने साकारली. या मालिकेच्या घोडदौडीच्या आणि लढाईच्या दृश्यांवर सुभद्राकुमारींची कविता बसवणे चाहत्यांना अगदी स्वाभाविक वाटले. तिची लय धावती, प्रत्येक कडव्यात एक प्रसंग आणि शेवटी फिरून येणारे ध्रुपद. तांबे घराण्यात जन्मलेली मराठी मुलगी, जबलपूरच्या कवयित्रीची हिंदी कविता आणि मुंबईत बनलेली मालिका यांची अशी सांगड चाहत्यांच्या हातून घातली गेली.

मोबाइल आणि 2020 चे वर्ष

2020 मध्ये या प्रथेने चाहत्यांच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकले आणि त्याला कारण झाला औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, मराठी संगीतकार यशराज मुखाटे. ‘साथ निभाना साथिया’ ही स्टार प्लसवरील मालिका 2010 ते 2017 या काळात चालली होती. तिच्या एका प्रसंगात रूपल पटेल यांनी रंगवलेली सासू कोकिला सुनांची उलटतपासणी घेते. त्यांतल्या राशीने कुकरमधले चणे काढून रिकामाच कुकर गॅसवर चढवलेला असतो. राशीच्या भूमिकेत रुचा हसबनीस ही मराठी अभिनेत्री होती. मुखाटे यांनी ऑगस्ट 2020 मध्ये कोकिलाच्या संवादाची लय हेरली, बोलण्याचे सूर जुळवले आणि त्याला ताल व वाद्यमेळ दिला. ‘रसोडे में कौन था’ या नावाने ते गाणे टाळेबंदीत घरी बसलेल्या देशात सर्वत्र पसरले. पूर्वीचे चाहते बाहेरचे गाणे आणून दृश्यांना लावत. इथे मालिकेचा संवादच गाणे झाला. तीन वर्षांपूर्वी संपलेल्या मालिकेची पुन्हा चर्चा होऊ लागली, तिच्या दुसऱ्या पर्वाची घोषणा झाली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये ते सुरूही झाले. प्रेक्षकाच्या निर्मितीने मालिकेच्या वाटचालीवर परिणाम केल्याचे इतके स्पष्ट उदाहरण भारतात आधी दिसले नव्हते.

त्याच वर्षी जूनअखेरीस टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स सुरू केल्या. चित्रफितीची लांबी मिनिटाच्या आत आली, संकलन मोबाइलवर होऊ लागले आणि नवी पिढी तिला ‘एडिट’ म्हणू लागली. एप्रिल 2020 मध्ये आलेल्या ‘पंचायत’ या वेबमालिकेला या बदलाचा पूर्ण लाभ झाला. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातील महोडिया गावात चित्रित झालेल्या या मालिकेत प्रधानपतीची भूमिका रघुवीर यादव करतात. सचिवजी आणि रिंकी यांची अबोल जवळीक, मालिकेतल्या फुलेरा गावच्या मंडळींचे आपसातले प्रेम आणि अनुराग सैकिया यांची शीर्षकधून यांवर चाहत्यांनी असंख्य लघुफिती केल्या. 2023 मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम वेबमालिकेचा पहिला पुरस्कार तिच्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. ज्या अभिनेत्याच्या मुंगेरीलालला 1989 चा प्रेक्षक फार तर पत्र लिहू शकत होता, त्याच्याच प्रधानजींचे प्रसंग आजचा प्रेक्षक काही मिनिटांत वेचून गाण्यावर बसवतो. एकाच कलाकाराच्या कारकिर्दीत प्रेक्षकाचे स्थान इतके बदलले.

हक्क आणि जतन

या चित्रफितींचा कायदेशीर पाया मात्र कच्चा आहे. दृश्ये निर्मात्याच्या मालकीची आणि गाणे संगीत कंपनीच्या. अमेरिकेत 2007 मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ या चाहत्यांच्या संस्थेने आणि इतरांनी पाठपुरावा केल्यावर 2010 मध्ये बिगरव्यावसायिक चित्रफितींसाठी डीव्हीडीवरील कुलूप उघडण्याची सूट मिळाली. भारतात 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 खासगी वापर, टीका आणि समीक्षा यांसाठी वाजवी उपयोगाची मुभा देते, पण चाहत्यांच्या अशा निर्मितीचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. यूट्यूबने 2007 पासून आणलेली कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणे आपोआप ओळखते. मग कधी आवाज बंद होतो, कधी चित्रफीतच हटवली जाते.

म्हणूनच हा वारसा वेगाने नाहीसा होत आहे. अमेरिकेतल्या जुन्या टेपांचे काही संग्रह चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी अंकीय रूपात वाचवले. भारतातल्या 2007 ते 2015 या काळातल्या चित्रफितींची खाती बंद झाली, नावे पुसली गेली आणि ज्यांनी त्या घडवल्या त्यांपैकी बहुतेकांची ओळख टोपणनावापलीकडे कधी नव्हतीच. ‘हम लोग’ला आलेल्या पत्रांचा अभ्यासकांनी विचार केला म्हणून 1984 च्या प्रेक्षकाला काय वाटत होते हे आज सांगता येते. त्यानंतरच्या पिढीने आपले म्हणणे पत्रांऐवजी चित्रफितींत मांडले. दूरचित्रवाणीचा इतिहास निर्माते, वाहिन्या आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे यांवरून पूर्ण होत नाही. त्यात प्रेक्षकाने स्वतः केलेल्या या कामाची नोंद हवी. त्यासाठी उरलेल्या चित्रफिती, त्यांची वर्षे, वापरलेली गाणी आणि घडवणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने जमवणे ही विद्यापीठांच्या माध्यम विभागांची आणि चाहत्यांची संयुक्त जबाबदारी आहे. पहिल्या लाटेतल्या चाहत्या आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यामुळे हे काम अजून वेळेत होऊ शकते.